जुन्या भांड्यांतील घरगुती मेणबत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बाजारातली कपबशी, माळ्यावरची पितळी वाटी, संपलेल्या मुरंब्याची बाटली, अशा हाती आलेल्या भांड्यांत मेणबत्ती करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साच्यातली मेणबत्ती आणि भांड्यातली मेणबत्ती यांत नेमका फरक काय?

साच्यातली मेणबत्ती साच्यातून काढल्यावर स्वतःच्या बळावर उभी राहते, म्हणून तिचे मेण कडक असावे लागते आणि ते साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे निवडतात. भांड्यातल्या मेणबत्तीला भिंतींचा आधार असतो. तिचे मेण मऊ असलेलेच बरे, कारण मऊ मेण थंड होताना भिंतींना धरून राहते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. साच्याचे काम मेण गोठले की संपते, भांडे मात्र शेवटच्या ज्योतीपर्यंत तापत राहते. त्यामुळे पुढील बहुतेक उत्तरांत मेणापेक्षा भांड्याविषयीच अधिक लिहिले आहे.

२. कोणती भांडी चालतात आणि कोणती अजिबात वापरू नयेत?

जाड काचेचे बुटके पेले, मुरंब्याच्या व लोणच्याच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, आतून-बाहेरून चकाकी असलेले चिनी मातीचे कप, एनॅमलचे मग, स्टीलच्या व पितळेच्या वाट्या आणि शिवण न गळणारे पत्र्याचे डबे ही सर्वसाधारणपणे चालणारी भांडी आहेत. प्लॅस्टिक, मेलामाइन, लाकूड, वेताची टोपली, नुसता रंग दिलेले पुठ्ठ्याचे डबे यांचा विचारही करू नये.

भांड्याच्या आकाराकडे पदार्थाइतकेच लक्ष द्यावे. तोंड तळापेक्षा अरुंद असेल, तर ज्योतीला हवा कमी पडते, काजळी धरते आणि खांद्यापाशी काच सर्वाधिक तापते. सरबताची किंवा मद्याची उभी बाटली म्हणूनच बाद होते. उंची १० सेंटिमीटरच्या आत असावी, कारण खोल भांड्यात मेण अर्ध्यावर आले की ज्योत गुदमरू लागते. तळ सपाट हवा आणि भांडे हलक्या धक्क्याने कलंडता कामा नये. पायाचा वाइन ग्लास छायाचित्रात शोभतो, पण तो वरून जड आणि काचेने पातळ असतो. चिनी मातीच्या जुन्या बरण्या दिसायला कितीही मोहक असल्या, तरी त्यांचा गळा आवळलेला असल्याने त्या झाकण लावून शोभेला ठेवाव्यात.

३. जुन्या बाजारातून आणलेले भांडे ठीक आहे हे कसे ओळखावे?

नव्या भांड्याला पूर्वायुष्य नसते. जुन्याला असते, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. काचेला आतून गेलेला केसासारखा तडा वर्षानुवर्षे पाणी पिताना त्रास देत नाही आणि ज्योतीच्या उष्णतेने एका संध्याकाळी उघडतो. म्हणून भांडे घेतानाच ते उजेडासमोर धरून सावकाश फिरवावे, काठावरून नख फिरवावे आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारावी. धड भांडे निनादते, तडकलेले बद्द वाजते. काठाचा टवका उडालेला असेल, तर ते भांडे पेन ठेवण्यासाठी घ्यावे. तडा बहुधा तेथूनच सुरू होतो.

घरी आणल्यावर दोन चाचण्या कराव्यात. पहिल्या चाचणीत भांडे पाण्याने भरून कागदावर रात्रभर ठेवावे, म्हणजे पत्र्याच्या शिवणीतून किंवा डाग दिलेल्या सांध्यातून होणारी गळती कागदावर दिसते. दुसऱ्या चाचणीत रिकामे भांडे बादलीत ठेवून त्यात आधी कोमट आणि मग चांगले कडकडीत पाणी ओतावे, आणि ओतताच मागे सरावे. फुटायचे असेल तर ते बादलीत फुटेल. या चाचणीतून उतरलेले भांडे मेण ओतताना टिकेल, एवढेच सिद्ध होते. तीन तास जळणारी ज्योत सोसेल की नाही हे पहिल्या जाळणीलाच कळते, आणि ती जाळणी फरशीवर किंवा स्टीलच्या परातीत, डोळ्यांसमोर करावी. मी स्वतः एक पातळ, नक्षीचा पेला या चाचणीनंतर निर्धास्तपणे पुस्तकांच्या फळीवर ठेवला होता. तिसऱ्या जाळणीला त्याचा तळ वर्तुळासारखा सुटून आला आणि मेण खालच्या दोन फळ्यांपर्यंत उतरले.

४. लोणच्याचा वास आणि लेबलचा चिकटपणा कसा घालवावा?

वास बहुतेकदा काचेत नसून झाकणाच्या रबरात असतो. झाकण टाकून द्यावे, बाटली साबणाने धुऊन उन्हात दोन दिवस उपडी न ठेवता सरळ ठेवावी. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढावे आणि उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल व खाण्याचा सोडा समप्रमाणात चोळून अर्ध्या तासाने धुवावे. शेवटी तेलाचा अंश राहू नये, अन्यथा मेण भिंतीला धरत नाही. भांडे पूर्ण कोरडे असणे किती आवश्यक आहे, ते प्रश्न १४ मध्ये सांगितले आहे.

५. मेण कोणते घ्यावे? खोबरेल तेल किंवा तूप मिसळले तर चालेल का?

नवशिक्याने भांड्यांसाठी म्हणून विकले जाणारे पॅराफिन किंवा सोया मेण घ्यावे. ही मेणे साधारणपणे ५० ते ५८ अंशांच्या दरम्यान वितळतात, सोया मेणाचे काही प्रकार त्याखालीही. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. त्याचा सुगंध सुरेख असतो, पण ते महाग असते आणि एकट्याने वापरल्यास आकसून काचेपासून सुटते.

मेण निवडताना आपल्या गावाचा उन्हाळा लक्षात घ्यावा. थंड देशांतील कृतींमध्ये सुचवलेली अतिशय मऊ मिश्रणे महाबळेश्वरात निभावतील, पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीतील मेणबत्ती न पेटवताच तेलकट होऊन घाम गाळू लागते. खोबरेल तेल सुमारे २४ ते २५ अंशांनाच पातळ होते. थंडीत बाटलीत गोठणारे आणि एरवी ओतता येणारे हे तेल मेणात मिसळल्यास वर्षातले नऊ महिने मेण ओलसर राहील. तुपाचेही तसेच आहे, शिवाय ते खवट होते. दोन्ही निरांजनातच बरी.

६. एका भांड्याला किती मेण लागेल हे कसे काढावे?

भांडे वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, जेथपर्यंत मेण हवे तेथपर्यंत पाणी भरावे आणि पाण्याचे वजन पाहावे. मेण पाण्यापेक्षा हलके असल्याने त्या वजनाला ०.८६ ने गुणले, की मेण व सुगंध मिळून लागणारे वजन मिळते. उदाहरणार्थ, पाणी २०० ग्रॅम भरले तर एकूण मिश्रण सुमारे १७२ ग्रॅम लागेल. त्यात ६ टक्के सुगंध घालायचा असेल, तर १६२ ग्रॅम मेण आणि १० ग्रॅम सुगंधी तेल असा हिशेब बसतो. मेण गोठताना आकसते, म्हणून दहा-पंधरा ग्रॅम जास्तीचे वितळवावे. वरून किमान दीड सेंटिमीटर काठ मोकळा सोडावा.

७. वात किती जाड घ्यावी? फुलवात किंवा समईची वात चालेल का?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची येतात, आणि सर्वाधिक मेणबत्त्या बिघडतात त्याही वातीमुळेच. देवाच्या वाती चालत नाहीत. फुलवात किंवा समईची वात सैल कापसाची असते. ती तेल-तुपात बुडून काठाशी टेकून जळण्यासाठी केलेली आहे. मेण पातळ झाले की ती आडवी पडते आणि पसरून जळते. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते. फ्रान्समधील कांबासेरेस यांनी १८२५ मध्ये ही वेणीची वात आणली, तोपर्यंत जळलेली वात कात्रीने सतत छाटावी लागत असे. विणीमुळे वातीचे टोक वळून ज्योतीच्या बाहेरच्या तप्त कडेत येते आणि स्वतःच जळून जाते.

जाडी ठरते ती भांड्याच्या आतील व्यासावरून. वात योग्य असेल, तर दर तासाला साधारण एक इंच रुंदीचे मेण वितळते. म्हणजे तीन इंची भांड्यात तीन तासांत वितळलेले मेण काठाला पोहोचले पाहिजे आणि त्याची खोली सुमारे एक सेंटिमीटर असली पाहिजे. चार तासांनीही कडेला कोरडे मेण उरले, तर वात बारीक आहे. काचेला हात लावता येत नसेल, ज्योत नाचत असेल आणि काजळी निघत असेल, तर वात जाड आहे. जुन्या भांड्याच्या बाबतीत शंका असेल, तर बारीक वातीच्या बाजूने चूक करावी, कारण बारीक वातीने फक्त मेण वाया जाते. साडेतीन इंचांहून रुंद भांड्यात एका जाड वातीपेक्षा दोन मध्यम वाती बऱ्या; मात्र त्या एकमेकींपासून आणि भिंतींपासून सारख्या अंतरावर असाव्यात.

वातीच्या बुडाला पत्र्याची चकती लावून ती तळाला घट्ट चिकटवावी. चकतीची उभी मान ५ ते ६ मिलिमीटर उंच असेल, तर मेण संपत आल्यावर ज्योत तळापर्यंत न पोहोचता विझते. दुकानात वातीबरोबर चकती फुकट मिळते म्हणून बुटकी घेऊ नये.

बाजारात वातीचे क्रमांक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जुळतीलच असे नाही. एकदा जमलेल्या वातीचा तुकडा भांड्याच्या मापासह वहीत चिकटवून ठेवावा.

८. मेण गॅसवर थेट पातेल्यात वितळवले तर काय बिघडते?

पाणी १०० अंशांना उकळून थांबते, मेण थांबत नाही. ते तापतच जाते, आणि पॅराफिन साधारण २०० अंशांच्या पुढे गेले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात जाळी किंवा रिंग आणि त्यावर मेणाचे भांडे, अशीच मांडणी करावी. मेण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवले की पुरे. स्वयंपाकाचा तापमापक चालतो, पण तो मग मेणासाठीच ठेवावा. मेण तापत असताना फोन घ्यायला बाहेर जायचे झाले, तर गॅस बंद करून जावे. पेट घेतल्यास काय करावे, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

९. अत्तर, परफ्यूम, खाण्याचे रंग किंवा मेणखडू वापरता येतील का?

फवाऱ्याच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असते. ते तापलेल्या मेणात घालणे धोक्याचे आहे. अत्तराच्या कुपीत कोणते आधारतेल आहे ते क्वचितच लिहिलेले असते. काही अत्तरे मेणात विरघळतात, काही तळाशी थेंबांच्या रूपात साचतात, तेव्हा आधी ५० ग्रॅम मेणात करून पाहावे. मेणबत्तीसाठी म्हणून मिळणारे सुगंधी तेल ६ ते ८ टक्के घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. अधिक घातल्याने वास वाढत नाही, मेण पाझरते. मोगरा आणि केवडा लहान खोलीत डोके धरतात असा माझा अनुभव आहे. त्यांना ५ टक्केही पुरेत.

खाण्याचे रंग बहुतेक पाण्यातले असल्याने मेणात मिसळत नाहीत. मेणखडूंतील रंगकण वातीत अडकून तिचा मेण ओढून घेण्याचा मार्ग बंद करतात, त्यामुळे ज्योत दोन तासांत मंदावते. तेलात विरघळणारे मेणाचे रंगच घ्यावेत.

१०. मेण गोठल्यावर मध्ये खड्डा पडतो आणि काचेवर पांढरे डाग दिसतात. चूक कोठे झाली?

खड्डा ही चूक नसून मेणाचा स्वभाव आहे. राखून ठेवलेले मेण पुन्हा वितळवून, पहिला थर पूर्ण गोठल्यावर वरून ओतावे. काचेवरचे डाग म्हणजे मेण भिंतीपासून सुटल्याच्या जागा. भांडे आधी कोमट करून घेतले आणि पंख्याखाली ठेवले नाही, तर ते कमी होतात, पण जुन्या काचेची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने काही डाग राहतातच. सोया मेणावर दिसणारी बर्फासारखी पांढरी नक्षी हे त्या मेणाचे स्फटिक आहेत. यांपैकी कशानेही जळण्यात फरक पडत नाही.

११. आजीच्या पितळी वाटीत मेणबत्ती केली तर वाटी खराब होईल का? कल्हई उतरेल का?

कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळते. वितळलेले मेण इतके तापत नाही, त्यामुळे वातीने तळ गाठेपर्यंत मेण जाळले नाही तर कल्हईला धोका नाही. पितळ उष्णता चटकन पसरवते. त्यामुळे काचेसारखा तडकण्याचा प्रश्न नसतो, पण वाटीचा काठ आणि बूड दोन्ही चटका देण्याइतके तापतात. वाटीखाली फरशीचा तुकडा किंवा जाड बशी ठेवावी, पॉलिशच्या लाकडावर ती थेट ठेवू नये. सोया मेण व काही सुगंधी तेले पितळेवर हिरवट डाग पाडतात. चिंचेने घासल्यावर ते निघतात. भांडे जिव्हाळ्याचे असेल, तर प्रश्न १७ मधील दुहेरी भांड्याची युक्ती करावी.

१२. मातीच्या पणत्या, कुंड्या आणि करवंट्या यांचे काय?

चकाकी नसलेली भाजकी माती मेण शोषते. पणतीत तेल झिरपून खाली डाग पडतो हे आपण दर दिवाळीला पाहतो. मेणाच्या बाबतीत भिजलेली भिंत स्वतःच वातीसारखे वागू लागते आणि काठालाही ज्योत धरू शकते. लहान पणतीत, फरशीवर, तासाभरासाठी हे खपून जाते. मोठ्या कुंडीत मात्र जाळू नये. तिच्या तळाला भोक असते ते वेगळेच. करवंटी हे सरळसरळ जळण आहे. ती वापरायचीच असेल, तर आत काचेची किंवा स्टीलची छोटी वाटी बसवावी.

१३. जाळीदार तडे पडलेल्या कपात मेणबत्ती केली, तर नंतर त्यात चहा पिता येईल का?

येणार नाही. चकाकीवरची जाळी वरवरची असेल आणि कप टिचकीला निनादत असेल, तर तो मेणबत्तीसाठी चालतो, पण त्या जाळीतून सुगंधी तेल आत मुरते आणि धुऊन निघत नाही. जुन्या चकाकीत आणि क्रिस्टल काचेत शिसे असू शकते, हे ध्यानात घेतल्यास असे भांडे पुन्हा खाण्यापिण्याकडे न वळवणेच योग्य. हाच नियम मेण वितळवण्याच्या पातेल्यालाही लागू आहे.

१४. पावसाळ्यात वात चरचरते आणि विझते. उपाय काय?

वातीत किंवा मेणात पाणी शिरले आहे. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये उघडी पडलेली वात हवेतला ओलावा ओढते. ओतण्यापूर्वी वात वितळलेल्या मेणात बुडवून, सरळ ताणून वाळवावी. त्याने ती ताठही राहते. भांडे मंद उन्हात किंवा गरम फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. तळाला पाण्याचा एक थेंब राहिला, तरी शेवटच्या टप्प्यात त्याची वाफ होऊन गरम मेण उडते.

१५. मेणबत्ती किती वेळ जाळावी, आणि मेणाने पेट घेतला तर काय करावे?

एका वेळी चार तासांहून अधिक नको. पहिल्या वेळी मात्र मेण काठापर्यंत वितळेपर्यंत विझवू नये, नाहीतर पुढे प्रत्येक वेळी तेवढाच खड्डा खोल होत जातो. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापावी. तळाशी एक ते सव्वा सेंटिमीटर मेण उरले की मेणबत्ती संपली असे समजावे. ‘अजून एवढे मेण आहे’ म्हणून केलेली शेवटची जाळणी भांडे फोडते. वाळलेली फुले, दालचिनीचे तुकडे, कॉफीच्या बिया वर रचण्याविषयीही विचारले जाते. त्या प्रत्येकाची दुसरी वात होऊ शकते. शोभेसाठी त्या भांड्याभोवती ठेवाव्यात.

पातेल्यातील किंवा भांड्यातील मेण पेटले, तर पाणी कदापि ओतू नये. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते मेण छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, धातूचे झाकण बाजूने सरकवून बसवावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. पातेले उचलून मोरीकडे धावू नये. झाकण हाताशी नसेल, तर खाण्याचा सोडा भरपूर टाकावा. मेण तापवायला घेण्यापूर्वीच झाकण ओट्यावर काढून ठेवणे उत्तम.

१६. उरलेले मेण आणि दिवे गेल्यावर लावायच्या पांढऱ्या मेणबत्त्या वितळवून वापरता येतील का?

येतील, काही अटींवर. पांढऱ्या मेणबत्त्यांचे पॅराफिन कडक असल्याने ते काचेपासून सुटते. त्यात निम्मे भांड्याचे मऊ मेण मिसळावे. जुनी जळकी वात आणि काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे सुती फडक्यातून गाळून घ्यावेत. नाना प्रकारच्या उरलेल्या मेणांचे मिश्रण कितीला वितळते हे कोणालाच माहीत नसते, त्यामुळे अशा प्रत्येक घाण्याला प्रश्न ७ मधील वातीची परीक्षा नव्याने द्यावी लागते. रिकाम्या भांड्यातील मेण काढायचे असेल, तर भांडे दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावे, मेण आकसून सुटते. पातळ काच मात्र फ्रीझरमध्ये घालू नये. वितळलेले मेण मोरीत ओतल्यास ते पाइपात गोठते आणि प्लंबरलाच बोलवावे लागते.

१७. अशा मेणबत्त्या विकायच्या असतील तर?

येथे खरी अडचण आहे. प्रत्येक जुने भांडे एकमेव असते. जी मेणबत्ती पूर्ण जाळून पाहिली ती विकता येत नाही, आणि जी विकायची ती जाळून पाहता येत नाही. स्वतःच्या घरी आपण समोर बसून जाळतो. गिऱ्हाईक तसे करेलच असे नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सारख्या भांड्यांचा संच शोधणे. अर्धा डझन कप मिळाले, तर एक तळापर्यंत जाळून पाहावा आणि उरलेले पाच, प्रत्येकाची प्रश्न ३ मधील तपासणी करून, त्याच मेणाने, वातीने व सुगंधाने भरावेत. सुगंध बदलला तरी जाळणी पुन्हा करावी, कारण तेलाच्या घट्टपणावर वातीचे चालणे अवलंबून असते. दुसरा मार्ग दुहेरी भांड्याचा आहे. आधी जाळून पारखलेला, उष्णता सोसणारा नवा काचेचा पेला जुन्या भांड्यात सैलसर बसवावा आणि मेण त्या पेल्यातच ओतावे. जुने भांडे मग केवळ बाहेरचे रूप असते आणि मेणबत्ती संपल्यावर गिऱ्हाइकाकडे धड उरते. नक्षीची पितळी वाटी, करवंटी किंवा पातळ चिनी मातीचा कप विकण्याचा मला मान्य असलेला हा एकच मार्ग आहे.

बंद वेष्टनात विकताना २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत इत्यादी तपशील छापावे लागतात. त्याखाली किती तास जाळावी, किती मेण उरल्यावर थांबावे आणि भांडे जुने आहे, हे तिन्ही मुद्दे मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत लिहावेत. वजन लिहिताना ते मेणाचे लिहावे. पितळी वाटीसकट तोललेला आकडा घालू नये.